दवाखान्याभोवतालचा नकाशा आणि आपली वस्ती

आरोग्याच्या पानावर आपण एरवी ताप, रक्तदाब, बाळंतपण, लसीकरण यांविषयी वाचतो. या वेळचा पाठ दवाखान्याच्या फाटकाबाहेरच्या जागेचा आहे. रस्ता किती रुंद आहे, गटार कुठे जाते, शेजारी कारखाना आहे की घरे आहेत, नातेवाइकांनी रात्र कुठे काढायची, चहा-पोह्याची गाडी कुठे लावायची, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. तरी पेशंट वेळेवर पोहोचण्यात, शांत झोपण्यात आणि बरा होऊन घरी येण्यात या गोष्टींचा मोठा वाटा असतो. आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच कागदावर ठरतात. त्या कागदाला विकास आराखडा म्हणतात.

हा पाठ आम्ही बिडकीनच्या निमित्ताने मांडत आहोत. पैठण रस्त्यावरचे, छत्रपती संभाजीनगरपासून साधारण 25 किलोमीटरवरचे हे बाजाराचे गाव. त्याला लागून ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी उभी राहत आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरचा ती भाग आहे. शेंद्रा आणि बिडकीन मिळून ही जागा सुमारे 10,000 एकर आहे आणि त्यातली सुमारे 8,000 एकर एकट्या बिडकीनच्या बाजूला आहे. 29 सप्टेंबर 2024 रोजी बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण झाले. साधारण 60 टक्के जमीन कारखान्यांसाठी आणि 40 टक्के घरे, दुकाने, शाळा, दवाखाने, बागा यांसाठी अशी या नगरीची मांडणी आहे.

कारखाने आले की कामगार येतात, कामगारांमागे कुटुंबे येतात, कुटुंबांमागे दवाखाने येतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की दवाखान्याचा भूखंड ज्या दिवशी ठरतो त्याच दिवशी भोवतालची जागाही ठरवून घ्यावी लागते. इमारत उभी राहिल्यावर बोललो तर उत्तर मिळते, "आता काही करता येत नाही." बिडकीनमध्ये अजून बरेच काही करता येण्यासारखे आहे.

घाटीभोवती पाहा

आपल्या भागातले सर्वांत ओळखीचे मोठे रुग्णालय म्हणजे घाटी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय 1956 साली सुरू झाले. खाटा अकराशेहून अधिक. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा, अहिल्यानगर अशा कितीतरी जिल्ह्यांतले गोरगरीब इथे येतात.

आता त्याची जागा डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला पाणचक्की आणि खाम नदी, जवळच बेगमपुरा, पुढे विद्यापीठाचा रस्ता. वाटेत महमूद दरवाजा, मकई दरवाजा. हे दरवाजे आणि त्यांच्यापुढचे पूल घोडे, पालख्या आणि बैलगाड्यांच्या काळात बांधलेले आहेत. आज त्याच वाटांवर रुग्णवाहिका, सिटी बस आणि रिक्षा असतात. हे दरवाजे शहराचा वारसा आहेत, ते पाडून चालणार नाही. म्हणून बाजूने दुसरा रस्ता काढण्याखेरीज उपाय उरत नाही, आणि दाट वस्तीच्या शहरात रस्ता काढायचा म्हणजे कोणाचे तरी घर जाते. बहुतेक वेळा ते गरिबाचेच असते.

दुसरे साधे गणित करू. एका पेशंटबरोबर दोन नातेवाईक धरले, तर अकराशे खाटांमागे बावीसशे माणसे. त्यांना रोज पिण्याचे पाणी, संडास, स्वस्त जेवण आणि रात्री पाठ टेकायला जागा लागते. कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाबाहेर मेडिकल, लॅब, खानावळी, नारळपाण्याच्या गाड्या आणि रिक्षांची रांग दिसते ती या गरजेमुळे. नकाशात त्या गरजेला जागा दिलेली नसेल तर तिचे नाव अतिक्रमण पडते आणि अधूनमधून तिच्यावर गाडी फिरते. गाडी फिरली तरी गरज संपत नाही. आठ दिवसांत पुन्हा सगळे तिथेच उभे राहते.

बिडकीनने यातून एक धडा घ्यावा. पेशंट, नातेवाईक, गाडीवाले आणि शेजारची वस्ती या चौघांना दवाखान्याच्या नकाशात पहिल्यापासून धरावे.

किती लोकांमागे किती दवाखाने?

सपाटीच्या भागासाठी सरकारी निकष असे आहेत: 5,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, 30,000 मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 1,20,000 मागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय. नव्या औद्योगिक नगरीत 30,000 माणसे राहायला आली तर एक पूर्ण आरोग्य केंद्र वाढायला हवे. त्यासाठी भूखंड आधीच राखून ठेवलेला असला पाहिजे, कारण पाच वर्षांनी जमिनीचा भाव आभाळाला भिडलेला असतो. कुठल्याही आराखड्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: येणाऱ्या लोकसंख्येचा अंदाज किती धरला आहे आणि त्या हिशेबाने सरकारी आरोग्य केंद्रासाठी किती जागा ठेवली आहे? फक्त "रुग्णालय" असे लिहिलेल्या भूखंडावर खासगी रुग्णालयही येऊ शकते. तिथल्या दाराशी आपल्याला आधी पैसे मोजावे लागतात.

कामगारांसाठी आणखी एक दार आहे, राज्य विमा योजनेचे. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कार्यकाळात 1943 साली प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. पुढे 1948 साली कायदा झाला. आज महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ही योजना लागू होते. कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. ठेकेदाराकडचा कामगारही यात येतो. आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी बिडकीनच्या कंपनीत लागली असेल तर विमा क्रमांक मिळाला का ते आधी विचारा. नोंदलेले कामगार जितके जास्त, तितकी त्या भागात विमा दवाखान्याची मागणी पक्की.

आवाज: 50 आणि 40

ध्वनिप्रदूषण नियम 2000 सालचे आहेत. त्यांत चार प्रकारच्या भागांसाठी आवाजाची मर्यादा डेसिबलमध्ये दिली आहे:

औद्योगिक भाग – दिवसा 75, रात्री 70
व्यापारी भाग – दिवसा 65, रात्री 55
निवासी भाग – दिवसा 55, रात्री 45
शांतता क्षेत्र – दिवसा 50, रात्री 40

दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. दोन माणसांचे साधे बोलणे 60 डेसिबलच्या आसपास असते. त्यावरून शांतता क्षेत्राची मर्यादा किती कमी आहे ते कळेल. हृदयविकाराचा पेशंट, नवजात बाळ, ऑपरेशन झालेली बाई यांच्यासाठी ती ठेवली आहे.

आता नकाशाचा मुद्दा पाहा. औद्योगिक भागाला रात्री 70 ची परवानगी आहे आणि दवाखान्याला 40 हवेत. दोन्ही भूखंड भिंतीला भिंत लावून ठेवले तर कोणता तरी एक नियम मोडणारच. म्हणून मध्ये झाडांचा पट्टा, बाग किंवा कमी वर्दळीच्या इमारती ठेवाव्या लागतात, आणि हे आराखडा करतानाच जमते.

पूर्वी रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे किमान 100 मीटर आपोआप शांतता क्षेत्र धरले जात. ऑगस्ट 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने तसे घोषित केल्याशिवाय ती जागा शांतता क्षेत्रात धरली जात नाही. "दवाखाना आहे म्हणजे शांतता क्षेत्र आहेच" असे समजून बसू नका. आपल्या गावच्या दवाखान्याभोवती ते घोषित झाले आहे का, हे लेखी विचारा. झाले नसेल तर मागणी करा.

इथे आपल्या घरातलीही एक गोष्ट बोलली पाहिजे. 14 एप्रिलची मिरवणूक हा आपल्या आनंदाचा दिवस आहे आणि तो थाटात साजरा व्हावा. पण मिरवणुकीच्या वाटेवर दवाखाना असेल तर त्याआधी 100 मीटर डीजे बंद करावा आणि दवाखाना मागे पडेपर्यंत शांतपणे चालावे. पोलीस सांगायच्या आधी आपण हे केले, तर इतर मिरवणुकांच्या आवाजाविषयी बोलण्याचा आपला हक्कही पक्का होतो. जयंती समितीच्या पहिल्या बैठकीत मार्ग ठरवतानाच ही गोष्ट लिहून ठेवावी.

पाणी, सांडपाणी, कचरा

शंभरपेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयासाठी एका खाटेमागे रोज 450 लिटर पाणी धरतात. 200 खाटांचे रुग्णालय म्हणजे रोज 90,000 लिटर. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला रोज 55 लिटर धरले आहे. म्हणजे एक रुग्णालय सोळाशेहून अधिक गावकऱ्यांइतके पाणी घेते. ते घ्यायलाच हवे, त्यात वाद नाही. पण ते कोणत्या स्रोतातून येणार आणि वस्तीच्या नळाचे काय होणार, हे विचारायचे. आलेले पाणी सांडपाणी होऊन बाहेरही पडते. त्याच्या शुद्धीकरणाची जागा आणि नाल्याची वाट नकाशात दिसली पाहिजे. नाला बहुधा उतारावरच्या वस्तीकडे जातो.

कचऱ्याविषयी 2016 चे जैववैद्यकीय कचरा नियम आहेत. चार रंग लक्षात ठेवा. पिवळ्या पिशवीत रक्ताने भिजलेले बोळे, शरीराचे अवयव, मुदत संपलेली औषधे. लाल पिशवीत नळ्या, सलाईनच्या बाटल्या अशी प्लास्टिकची वस्तू. पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात सुया आणि पाती. निळ्या डब्यात काच. हा कचरा प्रक्रिया न करता 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, घरच्या कचऱ्यात मिसळता येत नाही. 75 किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र असेल तर रुग्णालयाने आवारात स्वतःची भट्टी लावायची नसते.

आपल्या वस्त्यांतले अनेक जण सफाईचे, कचरा वेचण्याचे काम करतात. सुई टोचली तर कावीळ ब आणि इतर आजारांचा धोका असतो. कचरा हाताळणाऱ्या कामगाराला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. ठेकेदाराचा माणूस आहे म्हणून ती टळत नाही. नकाशात पाहायचे ते हे: कचरा साठवण्याची खोली वस्तीच्या बाजूच्या भिंतीला लागून आहे का? मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ आहे का? असेल तर हरकत घ्या.

नातेवाईक आणि गाडीवाले

मुंबईला टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या उपचाराला गेलेल्या घरांना दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा माहीत असते. पेशंटची सोय औषधाइतकीच मुक्कामावर असते, हे गाडगेबाबांनी ओळखले होते. त्यांनीच पंढरपूरची धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली होती. नव्या रुग्णालयाच्या आराखड्यात नातेवाइकांसाठी निवारा, सार्वजनिक संडास, पाणपोई आणि एसटीचा थांबा यांच्यासाठी जागा मागणे हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा आहे.

गाडीवाल्यांसाठी 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. तो शहरी स्थानिक संस्थांच्या हद्दीत चालतो. पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. हलवायचे असेल तर 30 दिवसांची नोटीस लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांतून निवडलेले असतात आणि त्यांत एक तृतीयांश महिला. रुग्णालयाच्या फाटकासमोर "ना-फेरीवाला क्षेत्र" करणे कधी कधी योग्यही असते, कारण रुग्णवाहिकेची वाट मोकळी हवी. मग जवळच, पेशंटच्या पायी अंतरावर, विक्रीची जागा आखून द्यावी. पोहे-भाकरी विकणाऱ्या बाईचे पोट आणि रुग्णवाहिकेची वाट या दोन्ही गोष्टी एका नकाशात बसतात, बसवणारा हवा.

वस्ती उठवली जाते तेव्हा

मोठे रुग्णालय आले की आजूबाजूच्या जागेचा भाव वाढतो. भाडे वाढते, खोल्यांच्या लॅब आणि मेडिकल होतात, भाडेकरू दूर फेकला जातो. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स हे जगप्रसिद्ध रुग्णालय आहे. त्याच्या शेजारच्या 88 एकर भागाचा पुनर्विकास 2000 नंतरच्या दशकात हाती घेतला गेला तेव्हा सातशेहून अधिक कुटुंबांना जागा सोडावी लागली. त्यांतले बहुतेक कृष्णवर्णीय होते. रहिवाशांनी संघटना केली, घराघरांत बैठका घेतल्या, म्हणून भरपाई आणि स्थलांतराच्या अटी सुधारल्या. घरे मात्र गेलीच. त्यांची लढाई आराखडा पक्का झाल्यावर सुरू झाली होती.

म्हणून आपल्या घराचे कागद आजच एका पिशवीत ठेवा: नमुना 8-अ किंवा मालमत्ता पत्रक, घरपट्टी आणि पाणीपट्टीच्या पावत्या, वीजबिल, मतदार यादीतले नाव, रेशनकार्ड. शहरी झोपडपट्टीत 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या आणि त्यानंतर 1 जानेवारी 2011 पर्यंतच्या वास्तव्याच्या पुराव्याला कायद्यात वेगवेगळे महत्त्व आहे. जुनी पावती रद्दीत टाकू नका.

नकाशा कसा वाचावा, हरकत कशी घ्यावी

1. जागा कोणाच्या हद्दीत आहे ते ठरवा. ऑरिकच्या हद्दीतले नियोजन औद्योगिक नगरीची कंपनी पाहते, शहराचे महानगरपालिका पाहते, शहराभोवतीच्या गावांसाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. तलाठी किंवा ग्रामपंचायत कार्यालयात गट क्रमांक सांगून विचारा.

2. नकाशाच्या कोपऱ्यातली रंगसूची आधी पाहा. बहुधा पिवळा म्हणजे निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक-निमसार्वजनिक, हिरवा मोकळी जागा. आपली वस्ती कोणत्या रंगात आहे? तिच्यावरून रस्त्याची रेघ गेली आहे का?

3. तारीख लिहून ठेवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 नुसार प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. छत्रपती संभाजीनगर शहराचा प्रारूप आराखडा मार्च 2024 मध्ये असाच प्रसिद्ध झाला होता. हरकत लेखी द्या, पोच घ्या, सुनावणीला चार जण मिळून जा.

4. आरक्षणावर लक्ष ठेवा. दवाखान्यासाठी राखीव जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. आपला दवाखाना कागदावरच संपतो. म्हणून दर दोन वर्षांनी माहिती अधिकारात विचारा. अर्ज एका विषयाचा, 150 शब्दांच्या आत. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. उत्तर 30 दिवसांत.

हरकतीचा नमुना

"मा. नियोजन प्राधिकारी यांस. विषय: प्रारूप आराखड्यातील रुग्णालयाच्या भूखंडाबाबत हरकत व सूचना. आम्ही (वस्तीचे नाव, गट क्रमांक) येथील रहिवासी आहोत. आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे: (1) रुग्णालयाच्या भोवती शांतता क्षेत्र घोषित करावे व औद्योगिक भूखंडाच्या मध्ये झाडांचा पट्टा ठेवावा. (2) रुग्णवाहिकेसाठी स्वतंत्र रस्ता दाखवावा, तो वस्तीतील घरे वगळून आखावा. (3) नातेवाइकांचा निवारा, सार्वजनिक शौचालय, एसटी थांबा व विक्रीक्षेत्र यांस जागा द्यावी. (4) जैववैद्यकीय कचऱ्याची खोली व सांडपाणी प्रकल्प वस्तीपासून दूर ठेवावा. (5) भूखंडाचा काही भाग सरकारी आरोग्य केंद्रासाठीच राखावा. आम्हास सुनावणीची संधी द्यावी." खाली सह्या, पत्ता, तारीख.

विहारात करायचा अभ्यास

एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढा. फळ्यावर आपल्या गावच्या दवाखान्याचा चौकोन काढा आणि भोवती रस्ता, नाला, शाळा, कारखाना, वस्ती, गाड्यांची जागा दाखवा. मग एकत्र उत्तरे शोधा:

– आपल्या वस्तीतून रुग्णवाहिका रात्री किती मिनिटांत निघू शकते? कोणत्या बोळात अडते?
– दवाखान्याचे सांडपाणी कुठून जाते?
– गेल्या महिन्यात पेशंटबरोबर गेलेले नातेवाईक कुठे झोपले?
– आपल्यापैकी कोणी आराखड्याचा नकाशा प्रत्यक्ष पाहिला आहे का?

शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी उत्तर "नाही" असेच येईल. तर मग शिकलेल्या दोन मुला-मुलींना आणि आशाताईंना ते काम द्या. त्यांनी कार्यालयात जाऊन नकाशा पाहावा, आपला भाग उतरवून आणावा आणि पुढच्या रविवारी सर्वांना समजावून सांगावा. नोटीस निघेल त्या दिवशी आपली हरकत लिहून तयार असली पाहिजे. तीस दिवस फार लवकर संपतात.